आज्ञावलीची परीक्षा आणि परीक्षक

सोनईच्या मुळा सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला म्हणजे उसाने भरलेली वाहने वजनकाट्यावर येतात, हे नेवासे तालुक्यातील शेतकऱ्यास परिचित असे दृश्य होय. भरलेल्या वाहनाच्या वजनातून रिकाम्याचे वजन वजा केले की उसाचे वजन निघते आणि त्यावर वर्षभराच्या कष्टाचे मोल अवलंबून असते. असा हिशेब करणारी आज्ञावली एखाद्या तरुणाने संगणकावर लिहिली, तर ती बिनचूक आहे हे कशावरून मानावे?

त्यासाठी, उत्तर आधीच ठाऊक असलेली उदाहरणे तिला घालावी लागतात. समजा, भरलेले वाहन १८,४२० किलो व रिकामे ६,१७० किलो आहे. उत्तर १२,२५० किलो आलेच पाहिजे. रिकाम्याचे वजन चुकून अधिक नोंदले गेले, तर उणे वजन न देता आज्ञावलीने ती नोंद नाकारली पाहिजे. अशी शेकडो उदाहरणे पुनःपुन्हा तपासण्याचे काम ‘पायटेस्ट’ हे विनामूल्य साधन करते. ते ‘पायथन’ या संगणकभाषेत लिहिलेल्या आज्ञावलींसाठी आहे.

त्याचा निकाल मोठा आटोपशीर असतो. चाचणी उतरली तर एक टिंब, उत्तर चुकले तर ‘एफ’, आणि चाचणीची पूर्वतयारीच बिघडली तर ‘ई’. आज्ञेपुढे उणे चिन्ह व ‘व्ही’ हे अक्षर जोडले असता प्रत्येक चाचणीचे नाव निकालासह दिसते. ‘क्यू’ जोडले असता मजकूर कमी होतो. ‘एक्स’ जोडले असता पहिल्या चुकीपाशीच काम थांबते. नेहमीची निवड ‘पायटेस्ट.आयएनआय’ या फाइलीत एकदाच लिहून ठेवता येते.

मराठी माणसास येथे एक विशेष अडचण येते. उदाहरणास ‘रिकामे वजन जास्त’ असे नाव दिले, तर पडद्यावर ही अक्षरे न उमटता त्यांचे सांकेतिक क्रमांक उमटतात. ‘र’च्या जागी ०९३० हा क्रमांक येतो. मूळ अक्षरे दाखविण्याची सोय आहे. पण तिचे लांबलचक इंग्रजी नावच बजावते की, ही सोय वापरणाराने लोकांच्या साहाय्यावरील सर्व हक्क सोडले! विनोद बाजूस ठेवला तरी इशारा खरा आहे. काही संगणकांवर व जोडसाधनांबरोबर या अक्षरांमुळे बिघाड उद्भवू शकतात. विंडोजवर निकाल फाइलीत लिहिताना जुनी अक्षरसंहिता आड आली, तर ‘पायथनयूटीएफ८’ या नावाच्या चलास १ ही किंमत द्यावी.

चाचणी नापास होणे निराळे आणि परीक्षकच कोसळणे निराळे. सी भाषेतील एखाद्या जोडग्रंथालयाने स्मृतीत अयोग्य जागी हात घातला, तर सारे काम तत्क्षणी बंद पडते व निकालाचा गोषवारा येतच नाही. अशा वेळी नावे दाखविण्याची सोय कामास येते: ज्या नावापुढे निकाल नाही, तेथून शोध सुरू करावा. २०१९ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून, कोसळण्याच्या वेळी कोणती ओळ चालू होती हेही पायटेस्ट आपण होऊन छापते. मग ती चाचणी एकटीच चालवावी. एकटी ती सुरळीत चालली, तर दोष आधीच्या चाचणीचा असण्याचा संभव असतो. त्यानंतर जोडसाधने एकेक करून बंद करावीत.

अखेरीस साधन जो अंक परत करते, तो अवश्य पाहावा. ० म्हणजे सर्व चाचण्या उतरल्या. १ म्हणजे काही चुकल्या. २ म्हणजे काम मध्येच थांबले. ३ म्हणजे साधनाच्या आतच बिघाड झाला. ४ म्हणजे आज्ञा चुकीची दिली. आणि ५ म्हणजे एकही चाचणी सापडली नाही. या पाचाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव फार. पडद्यावर एकही चूक दिसत नाही, कारण तपासणीच झालेली नसते. अशा न तपासलेल्या आज्ञावलीवर उसाचे वजन सोपविले, तर पहिली खरी चाचणी शेतकऱ्याच्या पावतीवरच व्हावयाची.