नाकाची सफाई मोजणारा गोड कण

नाकाच्या बाजूच्या भिंतीवरच्या खालच्या उंचवट्यावर, म्हणजे खालच्या टर्बिनेटवर, पुढच्या टोकापासून साधारण एक सेंटीमीटर आत, डॉक्टर सॅकरिनचा बारीकसा कण ठेवतात. मग घड्याळ सुरू होतं. हुंगायचं नाही, शिंकायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, फक्त अधूनमधून आवंढा गिळायचा. घशात गोड लागलं की सांगायचं. अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये मांडलेली ही चाचणी आजही वापरात आहे. निरोगी नाकात गोडी बहुधा 10-15 मिनिटांत कळते. अर्धा तास उलटला तर नाकाची सफाई मंदावली आहे असं समजायचं.

कण वाहून नेतात त्या सिलिया, म्हणजे नाकाच्या आतल्या पेशींवरचे केसांसारखे बारीक तंतू. एकेका पेशीवर सुमारे 200, लांबी जेमतेम 5-6 मायक्रोमीटर. सेकंदाला दहा-पंधरा वेळा त्या घशाच्या दिशेने फटकारा मारतात. मुळाशी पाणचट थर, वर चिकट श्लेष्मा. टोकं वरच्या थराला पुढे रेटतात आणि परतताना पाणचट थरातून वाकून येतात. धूळ, परागकण, जंतू असे घशात उतरतात आणि गिळले जातात. दिवसभर चालणाऱ्या या कामाची आपल्याला जाणीवही नसते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सिगारेट नेमकी इथेच घाव घालते. धुरातलं ॲक्रोलिन, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड सिलियांना मारक आहे. वर्षानुवर्षं धूर घेतला की सिलिया आखूड होतात, काही ठिकाणी त्यांच्या पेशी जाऊन चपट्या पेशी येतात, आणि श्लेष्मा बनवणाऱ्या पेशी मात्र वाढतात. चिकटा वाढला, वाहून नेणारे घटले.

जुनाट सायनसच्या त्रासातही गोडी उशिरा पोहोचते. नाकाचा मधला पडदा वाकडा असेल तर सफाई अडखळू शकते. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवलं की सायनसमधला श्लेष्मा सायनसच्या नैसर्गिक तोंडाकडेच वाहतो. दुसरीकडे भोक पाडलं तरी तो जुनीच वाट धरतो. म्हणून आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया तेच तोंड मोकळं करते.

धूम्रपान सोडल्यावर ही सफाई सुधारू शकते. नाक सतत चोंदत असेल आणि तुम्ही विडी-सिगारेट ओढत असाल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि सोडण्यासाठी मदतही त्याच भेटीत मागा.