परतीची वाट

गेल्या हिवाळ्यात लेस्टरला लेकीकडे होतो. नातवाच्या खोलीत नवा रेडिएटर बसवलेला, पण थंडगार. ‘अब्बा, बॉयलरच बदलायचा का?’ लेक काकुळतीला आली होती.

रेडिएटर वरून थंड असेल तर आत हवा असते, खालून थंड असेल तर गाळ. हा सगळाच थंड. हवा काढली, दोन्ही झडपा उघडल्या, बाकीचे रेडिएटर बंद करून पाहिले, फरक नाही.

शेवटी प्लंबरनं जमिनीच्या लाकडी फळ्या उचलल्या. रेडिएटरच्या दोन्ही नळ्या बॉयलरकडून गरम पाणी आणणाऱ्या नळीलाच जोडलेल्या! दोन्हीकडे दाब सारखा. पाणी फिरणार कसं? एक नळी परतीच्या नळीला जोडली आणि खोलीत ऊब आली.

बॉयलर निर्दोष होता. यंत्र बदलण्याआधी नळ्यांची जोडणी तपासावी. आलेल्या पाण्याला परतीची वाट हवीच.