भिंत चढता आली नाही, तर?

मंडळी, 'अडथळ्यांची शर्यत' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेचं मैदान आठवतं. बाकाखालून सरपटायचं, पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या. आजचा विषय त्याच जातीचा, पण पसारा मोठा आहे. डोंगर, चिखल, काटेरी तारा, माणसाहून उंच भिंती! नवखा माणूस पहिल्यांदा अंतर विचारतो: पाच किलोमीटर की एकवीस? माझ्या मते विचारायला हवं ते वेगळंच. अडथळा जमला नाही तर काय होतं? त्यावरून शर्यतीचा स्वभाव कळतो.

या खेळाचं आजचं रूप १९८७ साली इंग्लंडमध्ये, वुल्वरहॅम्प्टनजवळच्या एका शेतावर सुरू झालेल्या 'टफ गाय'पासून धरतात. ऐन हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यातून जायचं. हौस म्हणतात ती ही! (हशा)

मग २०१० साली अमेरिकेत दोन शर्यती निघाल्या. 'टफ मडर' आणि 'स्पार्टन रेस'. चिखल तोच, पण स्वभाव अगदी उलटा.

टफ मडरच्या नेहमीच्या शर्यतीत क्रमांक नसतात. तिथे 'एव्हरेस्ट' नावाची एक निसरडी, वर वळत गेलेली भिंत असते. धावत जाऊन उडी मारायची, आणि वर आधीच पोचलेले अनोळखी लोक तुमचा हात धरून ओढून घेतात. नाहीच जमलं, तर बाजूने पुढे जा. कोणी काही म्हणत नाही. अर्थात त्याच कंपनीची चोवीस तासांची 'वर्ल्ड्स टफेस्ट मडर' आहे, तिथे मात्र चुरस असते.

स्पार्टनमध्ये वेळ मोजतात. 'स्प्रिंट' साधारण पाच किलोमीटरची, 'सुपर' दहाची, 'बीस्ट' एकवीसची. एका वर्षात तिन्ही केल्या की 'ट्रायफेक्टा'. आणि अडथळा चुकला तर शिक्षा! कित्येक वर्षं ती ठरलेली होती: तीस बर्पी. बर्पी म्हणजे खाली वाकायचं, एक दंड मारायचा, उठून उडी मारायची. असं तीस वेळा. भालाफेकीला एकच संधी असते, त्यामुळे पुढे असलेला धावपटू तिथे नेम चुकून मागे पडतो. ज्यांना दमल्यावर हात स्थिर ठेवता येत नाही, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

२०१४ साली सुरू झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आणखी कडक रीत आहे. मनगटावर पट्टा बांधतात. एकाच अडथळ्यावर हवे तितके प्रयत्न करा, पण सोडून दिलात तर पट्टा काढून द्यायचा. शर्यत पूर्ण करता येते, बक्षीस मात्र नाही. दांड्याला लोंबकळत, हाताची पकड संपलेली, तरी पट्ट्यापायी पुन्हा पुन्हा रांगेत येणारी माणसं तिथे दिसतात.

आता ऑलिंपिक. टोकियोत आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये एक घोडा अडून बसला, प्रशिक्षिकेने त्याला ठोसा मारला, आणि जगभर गदारोळ झाला. पुढे घोडेस्वारी वगळायचं ठरलं. २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये तिच्या जागी अडथळे असतील. पण कसे? जेमतेम सत्तर मीटरच्या आत आठ अडथळे, चिखलाचा थेंब नाही, खेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास आटोपतो. शेवटी इथेही धावत जाऊन चढायची भिंतच आहे. फक्त वरून हात द्यायला कोणी नसतं. तिथे घड्याळ थांबवायचं बटण असतं.