दाखल-खारीजची एक ओळ

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. २०२५ साली इतरत्र १६ जूनला घंटा वाजली, आपल्याकडे २३ जूनला. यवतमाळ जिल्ह्यात हे दिवस पेरणीचेही. पाऊस बरा झाला की घरातली सगळी माणसं कपाशी टोबायला वावरात जातात आणि नेमक्या तेव्हाच शाळेतून निरोप येतो: दाखला आणा, आधार आणा, पासबुकाची झेरॉक्स आणा, दोन फोटो आणा. मी पुसद भागातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत बाबूंच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसणं हे माझ्या कामातच धरलेलं आहे. शाळेचा नियम घरापर्यंत कसा पोचतो आणि वाटेत कुठे अडतो, ते त्या खुर्चीवरून स्वच्छ दिसतं.

ऑफिसात सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर. लोक त्याला दाखल-खारीजच म्हणतात. जाड पुठ्ठ्याचं, लांबरुंद, दोन्ही हातांनी उचलावं लागणारं. प्रत्येक मुलाच्या वाट्याला त्यात एक आडवी ओळ येते. नोंदणी क्रमांक, संपूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. ओळीचा शेवटचा भाग कोरा राहतो. शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा पुढे कधीतरी तिथे भरले जातात. आमचे बाबू ओळ लिहिताना कुणाशी बोलत नाहीत. समोर प्राथमिक शाळेचा दाखला, त्यावर पट्टी आडवी ठेवलेली, आणि एकेक अक्षर पाहून उतरवायचं. लिहून झालं की ते पालकाला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मगच रजिस्टर मिटतात.

या वाचनातच फरक सापडतात. दाखल्यावर बापाचं नाव ‘नारायण’, आधारवर ‘नारायन’. मुलीची जन्मतारीख एका कागदावर ऑगस्टातली, दुसऱ्यावर जूनमधली.

“नाव तं एकच आहे ना बाबूजी, एका अक्षरानं काय फरक पडते?” वडील विचारतात. प्रश्न रास्त आहे. आज रोजी पोरगी त्यांच्यासमोर उभी आहे, तिला ओळखायला कागद लागत नाही.

“आज नाही पडत भाऊ,” बाबू सांगतात, “दहावीच्या फॉर्मात हेच नाव जाते. तिथून सनदेवर येते. मग पडते.”

ही गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. नाव, जात किंवा जन्मतारखेची नोंद शाळा आपल्या मनानं बदलू शकत नाही. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे पुराव्यासह प्रस्ताव करून शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते, आणि हे सारं मूल शाळेत शिकत असतानाच करायचं असतं. एकदा दाखला हातात पडून मूल बाहेर गेलं की हीच दुरुस्ती फार जड जाते. म्हणून आठवी-नववीत फरक दिसला तर तो तेव्हाच मिटवावा. दहावीचे ऑनलाइन फॉर्म भरल्यावर मंडळाकडून प्री-लिस्ट येते. ती मुलांना दाखवून त्यांच्या सह्या घेतल्या जातात. पोराला घरून बजावून पाठवा: सही करण्याआधी नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि विषय बोट ठेवून वाच.

रजिस्टरची जुनी पानं उघडतात तेव्हा या ओळीची खरी किंमत कळते. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. आपल्या जिल्ह्यात कोलाम आणि गोंड जमातीत येतात, बंजारा समाज विमुक्त जातींत. त्या काळी जमिनीचा तुकडा नावावर नसलेल्या माणसाकडे पुरावा कुठला असणार? आजोबा दोन वर्षं का होईना गावच्या शाळेत गेले असतील, तर तिथल्या दाखल-खारीजमधली त्यांची ओळ हाच पुरावा. निळ्या शाईचं ते पान फिकं झालेलं असतं, कडा कसरीनं खाल्लेल्या असतात, जन्मतारीख बहुधा १ जून किंवा १ जुलै. पण तिथे जात लिहिलेली असेल तर नातवाची पडताळणी त्या ओळीवर उभी राहते. म्हणून हा शोध बारावीनंतर नंबर लागल्यावर सुरू करू नये. मूल नववीत असतानाच आजोबांची, चुलत आजोबांची शाळा कोणती ते घरात विचारून ठेवावं आणि उतारा काढून आणावा.

दुसरा नियम हजेरीचा. दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. जुलैत हा नियम सांगितला की सगळे मान डोलावतात. दिवाळीनंतर कापूस फुटतो तेव्हा त्याची परीक्षा होते. वेचणी किलोवर असते. घरात दोन हात वाढले की संध्याकाळच्या वजनात ते दिसतात, आणि वर्गातले बाक, विशेषतः मुलींचे, रिकामे होऊ लागतात. काही घरं तर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जिल्ह्याबाहेरच जातात. या पालकांना नियम मोडणारे म्हणणं मला पटत नाही. पण जाण्याआधी शाळेत येऊन सांगणं त्यांच्या हातात आहे. मग शिक्षण हमी कार्ड देता येतं, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. नातेवाइकाकडे किंवा वसतिगृहात सोय लावता येते. न सांगता गेलेलं मूल हजेरीपटावर केवळ गैरहजर दिसतं.

आठवीच्या पालकांसाठी एक बदल महत्त्वाचा आहे. आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही, हा समज अजून गावोगाव पक्का आहे. डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. कमी पडलेल्या मुलाला पुन्हा संधी मिळते, पण त्यातही उत्तीर्ण झालं नाही तर ते त्याच वर्गात राहतं. आठवीतच एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षाही असते. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्या घरच्या जिल्हा परिषद वा अनुदानित शाळेतल्या मुलाची निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये थेट खात्यात येतात. खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. बँकेतली ही रांग शाळा सुरू होतानाच उरकावी.

जाण्यायेण्याचंही तसंच. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश रक्कम भरावी लागते. जून २०२५ पासून हे पास शाळेतच द्यायला महामंडळानं सुरुवात केली, त्यामुळे आगारात खेटे घालायची गरज राहिली नाही. शाळेनं यादी वेळेवर द्यावी आणि पालकांनी शाळेत नाव नोंदवावं, एवढंच काम. काही तालुक्यांत मुलींसाठी मानव विकासची निळी गाडी येते. ती कुठल्या फाट्यावर किती वाजता थांबते आणि चुकली तर मुलीनं कुणाला सांगायचं, हे घरात ठरलेलं असावं. बस चुकते म्हणून शाळा सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

दहावीनंतरचा टप्पा आता नवा झाला आहे. अकरावीचा ऑनलाइन केंद्रीय प्रवेश पूर्वी मोठ्या शहरांपुरता होता. २०२५ मध्ये तो राज्यभर लागू झाला. पूर्वी आपला माणूस गुणपत्रिका घेऊन तालुक्याच्या कॉलेजात जाऊन फी भरून यायचा. आता पोर्टलवर एक ते दहा पसंती भराव्या लागतात, आणि २०२५ च्या नियमांत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक होतं. सेतू केंद्रातल्या मुलानं घाईत टाकलेली पसंती तुमच्या मुलीची दोन वर्षं ठरवू शकते. पहिला क्रमांक घरच्यांनी ठरवावा आणि फॉर्म भरताना स्वतः शेजारी बसावं.

सुरक्षिततेचा नियम मात्र कागद मागत नाही. शाळेत तक्रारपेटी असावी लागते, २०२२ पासून सखी सावित्री समिती नेमायची आहे, आणि १०९८ हा क्रमांक मूल स्वतः फिरवू शकतं. पालकसभेत हे विचारायला आया संकोचतात. त्यांनी विचारावं: पेटी कुठे आहे, ती कोण उघडतं, समितीत कोण कोण आहेत? याचं उत्तर देणं शाळेचं कर्तव्य आहे.

हे सगळं पोचवायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली सूचना ज्याच्याकडे रिचार्ज आहे त्याच्यापर्यंत जाते. दुपारी बाराची पालकसभा ज्याला मजुरी बुडवणं परवडतं त्याच्यापर्यंत. आम्ही काही सभा बंजारा तांड्यावर रात्री घ्यायला लागलो. माणसं वावरातून परतून जेवली की समाजमंदिरात जमतात. मी मराठीत सांगतो, आमचाच एक माजी विद्यार्थी तेच गोरबोलीत सांगतो. तिथे प्रश्न येतात, आणि तेही आयांचे. घाटंजी, केळापूर, झरी जामणीकडच्या पोडांवर कोलामी बोलणाऱ्या घरांनाही आपल्या भाषेत सांगणारं माणूस मिळालंच पाहिजे. न समजलेल्या भाषेत दिलेली सूचना दिली असं शाळेनं मानू नये.

पालकांना माझं सांगणं एवढंच की जूनमध्ये पेरणीतून एक सकाळ काढा आणि शाळेत या. बाबूंना तुमच्या मुलाची ओळ वाचून दाखवायला सांगा. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावा आणि ऐका. चूक सापडली तर अर्ज करा आणि पोच घ्या. शाळांना सांगणं असं की त्या सकाळी ऑफिस उघडं ठेवा आणि आलेल्या माणसाला बसायला खुर्ची द्या. फेब्रुवारीत, परीक्षेच्या तोंडावर, याच दुरुस्तीसाठी बापाला यवतमाळच्या चकरा माराव्या लागतात आणि दरवेळी दिवसाची मजुरी बुडते. जूनमध्ये हीच दुरुस्ती एका अर्जापासून सुरू होते आणि हाताशी आठ महिने असतात.