मुलांचा संधिवात व रक्ताचा रोजमेळ

संधिवात हा म्हातारपणाचा विकार, अशी आपल्या लोकांची दृढ समजूत आहे. ती खरी नव्हे. सोळा वर्षांखालील मुलांनाही तो होतो, लंडनचे डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ सालीच अशा मुलांचे सविस्तर वर्णन करून ठेविले आहे. त्याच्या अनेक प्रकारांपैकी एकात सांध्यांबरोबर सर्व शरीरच सापडते. रोज चढून उतरणारा ताप, अंगावर येणारे-जाणारे गुलाबी पुरळ, वाढलेले यकृत व प्लीहा ही त्याची लक्षणे होत. ह्या सर्वांगी प्रकारातील शेकडा सुमारे १० मुलांवर एक घोर संकट ओढवते. त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

ह्या संकटास डॉक्टर मंडळी ‘मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम’ म्हणतात. शरीरात शत्रूचा फडशा पाडणाऱ्या ज्या भक्षक पेशी असतात, त्या आवरेनाशा होऊन आपल्याच रक्तकणांना गिळू लागतात. कोठारावर नेमलेल्या पहारेकऱ्याने धान्याचीच पोती फोडावीत, तसा हा प्रकार. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील ३६२ रुग्णांच्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश मुलांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले व शेकडा सुमारे ८ मुले दगावली. वेळीच ओळखल्यास स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन, अ‍ॅनाकिन्रा इत्यादी औषधांनी मूल वाचविता येते. सर्व भिस्त ओळखण्यावर आहे, आणि ती ओळख रक्ताच्या तपासणीतून लवकर पटते.

येथेच एक मोठा चकवा आहे. ई.एस.आर., म्हणजे नळीतील रक्तकण खाली बसण्याचा वेग, हा दाह वाढला की वाढतो व शमला की उतरतो, हे बहुतेकांस ठाऊक असते. रक्तातील फायब्रिनोजेन नावाच्या द्रव्यामुळे रक्तकण एकमेकांस चिकटून त्वरेने खाली बसतात. परंतु ह्या संकटात फायब्रिनोजेनच खर्ची पडते. म्हणून मूल अधिक आजारी होत असता हा आकडा शंभरावरून वीस-तिसावर येतो आणि घरची माणसे पेढे वाटण्याच्या विचारात पडतात! त्याच वेळी फेरिटिन मात्र हजारोंच्या घरात चढत असते. एक उतरतो व दुसरा चढतो, ही जोडी दिसली की विलंब करू नये.

प्लेटलेटचेही तसेच. आजार जोरात असता ह्या मुलांच्या प्लेटलेट बहुधा वाढलेल्या असतात. सहा लाखांवरून त्या दोन लाखांवर आल्या, तरी छापील कागदावर ‘प्राकृत’ असेच येते, कारण दीड ते साडेचार लाख ही मर्यादा निरोगी माणसाची आहे. आजचा भाव कालच्या भावाशिवाय काय सांगणार? युरोप-अमेरिकेच्या तज्ज्ञ संस्थांनी २०१६ साली ठरविलेले निकष ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. सर्वांगी संधिवाताच्या मुलास ताप असून फेरिटिन ६८४ नॅनोग्रॅमहून अधिक असावे, आणि पुढील चारांपैकी कोणतेही दोन असावेत: प्लेटलेट १ लाख ८१ हजार वा कमी, यकृताचे ए.एस.टी. ४८ हून अधिक, ट्रायग्लिसराइड १५६ हून अधिक, फायब्रिनोजेन ३६० वा कमी. ह्यांतील प्लेटलेट व फायब्रिनोजेन यांचे आकडे निरोगी माणसाच्या मर्यादेतच बसतात, हे ध्यानी घ्यावे.

आमच्या एका नातीस हा विकार आहे. घरी आम्ही तिच्या तपासण्यांची एक वही ठेविली आहे. तारखेवार ओळी, आणि प्रत्येक तपासणीस एक रकाना. हल्ली रिपोर्ट मोबाइलवर येतात व तेथेच गडप होतात. वहीत मात्र आकड्यांची चाल एका नजरेत दिसते. आमच्या डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो.

डेंग्यूसारख्या तापातही प्लेटलेट उतरतात व फेरिटिन चढते. तेव्हा निदान तज्ज्ञांनीच करावयाचे. परंतु रोजचा चढउतार सोडून ताप अखंड राहू लागला, मूल गुंगीत गेले, वा नाकातून, हिरड्यांतून रक्त आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. टोसिलिझुमॅबचे इंजेक्शन चालू असल्यास ते नव्या डॉक्टरांस आरंभीच सांगावे. त्या औषधाने ताप व दाहाचे आकडे दबून राहतात आणि आतील संकट झाकले जाते.