औटघटकेचे राजे

मुहम्मद अलीची १९७७ सालची एक चित्रफीत इंटरनेटवर अजून फिरते. प्रदर्शनीय लढत आहे. अली रिंगच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभा, आणि समोरचा कोवळा बॉक्सर काही सेकंदांत वीसेक ठोसे झाडतो. अली नुसतं डोकं आणि खांदे हलवून सगळे चुकवतो, वर कंबर हलवून नाचून दाखवतो. बघणाऱ्याची नजर अलीवरून हटत नाही. पण एकदा फक्त त्या पोराचे हात बघावेत. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस एवढ्या वेगाने ठोसे मारू शकतो, यावर विश्वास बसत नाही.

त्याचं नाव मायकेल डोक्स. १० डिसेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये त्याने माइक वीव्हरला अवघ्या ६३ सेकंदांत हरवलं आणि वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचा हेवीवेट पट्टा मिळवला. वय २४. पुढचं दशक याचंच, असं वाटण्याजोगी ती सुरुवात होती. पण वीव्हरशी झालेली दुसरी लढत बरोबरीत सुटली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गेरी कुट्झीने डोक्सला दहाव्या फेरीत लोळवलं. कोकेनने आपल्याला पोखरलं होतं, हे डोक्सने पुढे स्वतःच सांगितलं.

एखाद्याची अशी शोकांतिका समजू शकते. चकित करतं ते यानंतरचं. डिसेंबर १९८४ मध्ये कुट्झीकडून पट्टा ग्रेग पेजने घेतला. ज्या आठव्या फेरीत कुट्झी कोसळला, ती वेळाधिकाऱ्याच्या चुकीने तीन मिनिटं उलटून गेल्यावरही चालूच राहिली होती. पाचच महिन्यांत पेजला टोनी टब्जने हरवलं, जानेवारी १९८६ मध्ये टब्जला टिम विदरस्पूनने, आणि त्याच डिसेंबरात विदरस्पूनला जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथने. स्मिथचं राज्य तीन महिने टिकलं, मग माइक टायसन आला. सव्वाचार वर्षांत सहा विजेते, आणि पट्टा राखणं जमलं ते फक्त दोनदा: डोक्सला, तेही बरोबरीवर, आणि विदरस्पूनला. अमेरिकेतले बॉक्सिंगवाले या पिढीला ‘हरवलेली पिढी’ म्हणतात.

ही मंडळी मुळातच सामान्य होती, असं म्हणून विषय संपवता येत नाही. विदरस्पूनच्या नावावर जेमतेम पंधरा व्यावसायिक लढती होत्या, तेव्हा १९८३ मध्ये तो लॅरी होम्सपुढे उभा राहिला. होम्स तोवर अजिंक्य होता. बारा फेऱ्यांनंतर परीक्षकांचं एकमत झालं नाही; निकाल होम्सच्या बाजूने गेला, पण निसटता. पेज हा अलीच्याच लुइव्हिल गावचा, किशोरवयातच अलीबरोबर सरावाला उतरलेला. कारकीर्द उताराला लागल्यावर १९९० मध्ये तो टोकियोत टायसनचा सरावातला जोडीदार होता. टायसन त्या वेळी अजिंक्य होता, आणि त्या सरावात पेजने त्याला चक्क खाली पाडलं! म्हणजे हातातली कला शाबूत होती. मग गेलं काय?

एक उत्तर वजनकाट्यात आहे. हलक्या गटांतल्या बॉक्सरला लढतीच्या आधी ठरलेल्या वजनात बसावंच लागतं. पोटाला चिमटा काढून का होईना, तो धावतो, घाम गाळतो. काट्याने नापास केलं तर हातची संधी आणि पैसे दोन्ही जाऊ शकतात. हेवीवेटला मात्र फक्त खालची मर्यादा असते, आज सुमारे ९१ किलोंची. वर मर्यादाच नाही. त्याचंही वजन करतात, पण तो आकडा नुसता जाहीर करायचा असतो. टब्ज १९८८ मध्ये टोकियोत टायसनशी लढला, तेव्हा त्याने ठरल्यापेक्षा कमी वजनात यावं म्हणून वेगळं बक्षीस लावलेलं होतं. ते त्याला मिळालं नाही. लढत दुसऱ्याच फेरीत संपली.

जास्तीची चरबी ठोसा मारत नाही, पण तिलाही बारा फेऱ्या, म्हणजे छत्तीस मिनिटं, अंगावर वागवावं लागतं. दम लागला की पाय जड होतात आणि हनुवटीपुढे धरलेले हात हळूहळू खाली येतात. हलक्या गटात अशी चूक कधी कधी खपून जाते. इथे समोरच्याचाही देह शंभर किलोंचा, त्यामुळे एकच ठोसा पुरतो. थोडक्यात, तंदुरुस्तीची गरज सगळ्यात जास्त जिथे, तिथेच तिची सक्ती सगळ्यात कमी. त्यात उपजत वेगाचा शाप. अवजड माणसांत चपळ हातांचा एखादा आला की सुरुवातीच्या लढती तो अर्ध्या तयारीनेही जिंकतो, आणि तेवढी तयारी पुरते हाच धडा मनात पक्का बसतो.

दुसरं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. हेवीवेटचा जगज्जेता पूर्वी बहुधा एकच असे. १९७८ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने लिऑन स्पिंक्सचं पद काढून केन नॉर्टनला दिलं आणि किताब दुभंगला. १९८३ मध्ये तिसरी संघटना उभी राहिली. एका सिंहासनाच्या तीन खुर्च्या झाल्यावर कोण खरा हे ठरवण्याची घाई कुणालाच उरली नाही. शिवाय यातल्या बहुतेकांच्या लढती भरवणारा प्रमोटर एकच, डॉन किंग. रिंगच्या दोन्ही कोपऱ्यांत त्याचेच बॉक्सर असत. कुणीही हरलं तरी नवा विजेता त्याच्याच घरचा.

विदरस्पूनचा प्रमोटर डॉन किंग, आणि त्याचे हितसंबंध सांभाळणारा व्यवस्थापक कोण, तर किंगचाच सावत्र मुलगा. जुलै १९८६ मध्ये विदरस्पूनने लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये, प्रचंड गर्दीसमोर, फ्रँक ब्रूनोला अकराव्या फेरीत हरवलं. सगळी वजावट होऊन त्याच्या हाती आले सुमारे ९० हजार डॉलर. हरलेल्या ब्रूनोला ९ लाख मिळाल्याचं तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. पुढे विदरस्पूनने किंगवर दावा लावला आणि तो सुमारे १० लाख डॉलरवर मिटला. पण त्याआधीच, वेम्ब्लीनंतर पाच महिन्यांनी, बोनक्रशर स्मिथने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा खाली पाडून पट्टा नेला होता. याच स्मिथला दीड वर्षापूर्वी विदरस्पूनने बारा फेऱ्यांत गुणांवर आरामात हरवलं होतं.

बस्टर डग्लसची गोष्ट तर एखाद्या प्रयोगासारखी वाटते. याच पिढीतला हा आणखी एक गुणी आणि आळशी म्हणून नावाजलेला बॉक्सर. १९८७ मध्ये टोनी टकरविरुद्ध चांगला लढत असताना दहाव्या फेरीत तो ढेपाळला होता. जानेवारी १९९० मध्ये त्याची आई वारली. तीन आठवड्यांनी, ११ फेब्रुवारीला, तो टोकियोत टायसनसमोर उभा राहिला. वजन सुमारे १०५ किलो. पैजेचा भाव त्याच्याविरुद्ध ४२ ला १. आठव्या फेरीत तो पडला, उठला, आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला बाद केलं. जॅब, चाल, दम, सगळं त्या रात्री एकत्र आलं. मग ऑक्टोबरात इव्हँडर होलिफील्डपुढे तोच डग्लस सुमारे ११२ किलोंचा होऊन आला आणि तिसऱ्या फेरीत आडवा झाला. पण त्या एका हरलेल्या लढतीसाठी त्याला २ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. माणूस तोच, कला तीच, मध्ये फक्त साडेआठ महिने.

म्हणजे दोष निव्वळ वजनाचा? तसंही नाही, आणि याचा पुरावा जॉर्ज फोरमन. १९७४ मध्ये अलीकडून हरून पद गमावलेला फोरमन दहा वर्षं बॉक्सिंगपासून दूर राहून धर्मोपदेश करत होता. १९८७ मध्ये तो परतला तो गलेलठ्ठ होऊन. लोक हसले. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, सुमारे ११३ किलो वजनाने तो मायकेल मूररशी लढला. गुणांवर मागे होता, तरी दहाव्या फेरीत त्याने मूररला बाद केलं. वय झालं की पाय मंदावतात, पण ठोशातली ताकद फार उशिरा जाते. ज्या गटाला वरची मर्यादा नाही, त्यातच हे घडू शकतं.

फोरमन डोक्स आणि पेजपेक्षा जवळपास दहा वर्षांनी मोठा. हे दोघे तिशीतच इतरांची नावं मोठी करणारे बॉक्सर झाले होते. दरवाजा मात्र त्यांनाही तितकाच उघडा होता. पुनरागमन करताना फोरमनने छोट्या गावांत, छोट्या प्रतिस्पर्ध्यांशी वीसहून अधिक लढती केल्या, वजन हळूहळू उतरवलं आणि वेग गेला आहे हे मान्य करून त्याप्रमाणे लढायला तो शिकला. काटा ज्याला अडवत नाही, त्याला आपली मर्यादा आपणच आखावी लागते. वेगवान हातांच्या त्या पोरांवर ही वेळ कधी आलीच नाही. बराच काळ त्यांचं त्याशिवाय भागत होतं.