सिपोरेक्सच्या भिंती: घ्याव्यात की नकोत?

परवा कोल्हापूरजवळ कळंब्यात एका साइटवर शेजारच्या प्लॉटवाले काका आले. ब्लॉक हातात तोलून म्हणाले, "ह्यो पाण्यात तरंगतोय काय?"

कोरडा असला तर तरंगतो, काका!

हा एएसी ब्लॉक. गवंडी अजून 'सिपोरेक्स'च म्हणतात. फ्लाय अ‍ॅश, सिमेंट, चुना, जिप्समच्या लगद्यात अ‍ॅल्युमिनियम पावडर पडली की वायू सुटून तो पावासारखा फुगतो. मग कापून दाबाखालच्या वाफेत पक्का करतात. वजन घनमीटरला साधारण ६०० किलो, लाल विटेचं मात्र याच्या जवळपास तिप्पट. म्हणजे कॉलम-पायावर भार कमी. कोयनेच्या शेजाऱ्यांना भूकंपातही ते बरंच.

आत अडकलेल्या हवेमुळे ऊन भिंतीतून उशिरा झिरपतं. पश्चिमेच्या खोलीत फरक कळतो. पण वर स्लॅब तापत असेल तर नुसत्या भिंती काय करणार? हे विकणारे सांगत नाहीत.

आता आपला पाऊस. हा ब्लॉक पाणी पितो आणि वाळायला वेळ घेतो. बाहेरचा गिलावा आणि खिडक्यांचे सांधे चोख हवेत. २०१९ किंवा २०२१ ला पंचगंगा घरात आली असेल, तर तळमजल्याला मी तरी हा सुचवणार नाही.

कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला की भेग ठरलेली. गिझर टांगायला भिंतीत साधा स्क्रू-प्लग धरत नाही, या ब्लॉकसाठीचे वेगळे मिळतात, तेच घ्या.

आणि कॉलम-बीम नसलेलं घर असेल तर सरळ वीट किंवा जांभा.

तुमचा प्लॉट कुठं, मजले किती? कमेंटमध्ये लिहा, बोलूया.